बायोप्सीचा तुकडा कुठे जातो, आणि रिपोर्टला इतके दिवस का लागतात

नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी काम करते, तिच्या खिडकीवर दिवसातून कितीतरी वेळा एकच दृश्य दिसते. कुणाच्या तरी हातात कॅरीबॅग असते, तिच्यात झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची छोटी डबी असते, आणि डबीतल्या पाण्यासारख्या द्रवात तळाशी पांढरट दोऱ्याचे तुटके तुकडे वाटावेत असे काहीतरी पडलेले असते. डबी आणणारा बहुधा रुग्णाचा मुलगा, जावई किंवा भाऊ असतो, आणि रुग्णालयातून त्याला "हे लॅबमध्ये नेऊन द्या" एवढेच सांगितलेले असते. गेल्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडचा एक तरुण अशीच डबी घेऊन आला. "मॅडम, आज भेटन का रिपोर्ट? सायंकाळची गाडी हाय," त्याने विचारले. चार-पाच दिवस लागतील असे मी सांगितले तेव्हा तो गप्प झाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हंजे आईले कॅन्सरच हाय का?"

खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला या दोन प्रश्नांचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे लागते आणि ते त्याला पुरत नाही, हे मला दरवेळी जाणवते. ज्यांना बायोप्सी सांगितली आहे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना निदान काय होते आहे ते कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी दुसरा प्रश्न. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर आहे असे नाही. शरीरातल्या संशयास्पद जागेचा लहानसा तुकडा काढून त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढाच तिचा अर्थ. हा शब्द एर्नेस्ट बेस्निये या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ साली रूढ केला. ग्रीक भाषेत 'बायोस' म्हणजे जीवन आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणे. सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांतून गाठ किती मोठी आहे, कडा कशा आहेत, आजूबाजूला काय दबले आहे हे दिसते, पण ती गाठ कशाची बनली आहे हे बहुतेक वेळा खात्रीने सांगता येत नाही. लांबून पोते दिसते, त्यात गहू आहे की तूर हे पाहायला मूठभर दाणे बाहेर काढावेच लागतात. आमच्याकडे येणाऱ्या तुकड्यांपैकी कितीतरी तुकड्यांचा कर्करोगाशी काहीही संबंध निघत नाही. मानेतल्या गाठीत क्षयरोग सापडतो, त्वचेवरच्या बधिर चट्ट्यात कुष्ठरोग सापडतो, वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या लहान आतड्यात गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार सापडतो. लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णाची किडनी बायोप्सी तर मूत्रपिंडाला नेमकी कशामुळे सूज आली आहे आणि कोणते औषध द्यायचे हे ठरवण्यासाठीच केली जाते.

तरीही विदर्भात बायोप्सीविषयी लिहिताना खर्र्याला वगळून पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी इथे पानठेल्यावर शाळकरी मुलांनाही मिळते, तासन्‌तास गालात धरली जाते, आणि तिची खूण आम्हाला स्लाईडवर दिसते. सुपारीमुळे गालाच्या आतल्या पडद्याखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील तर ती धोक्याची खूण समजावी. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. प्रत्यक्षात लोक महिनोन्‌महिने मलम लावतात, दाताची कड घासून घेतात, खर्र्याचा ठेला बदलतात, आणि गिळताना त्रास होऊ लागला की मगच येतात. शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात अशा जखमेचा लहान तुकडा जागा बधिर करून काढतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तो तुकडा जखमेच्या मधोमध न घेता कडेवरून घ्यावा लागतो, कारण मधल्या भागात बहुधा मेलेल्या पेशीच हाती लागतात; रुग्णाला हे सांगायचे एवढ्यासाठी की डॉक्टर चांगल्या दिसणाऱ्या मांसाचाही थोडा भाग का कापतात, असा प्रश्न त्याला पडू नये.

उशीर होण्याचे दुसरे कारण म्हणजे भीती, आणि त्या भीतीला आपल्याकडे एक तयार वाक्य आहे: गाठीला लोखंड लागले की ती चाळवते आणि अंगभर पसरते. हे मी सुशिक्षित घरांतूनही ऐकते. यामागचा अनुभव खोटा नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलेला आहे. रुग्ण फार उशिरा आला, तोवर रोग पसरलेला होता, बायोप्सीने तो उघड झाला आणि काही महिन्यांत माणूस गेला. पाहणाऱ्यांनी सुईला दोष दिला. सुईच्या वाटेवर रोगाच्या पेशी सांडून तिथे वाढणे ही गोष्ट माहीत असलेली आहे, परंतु ती अत्यंत क्वचित घडते, आणि जिथे तिचा धोका खरोखर असतो तिथे डॉक्टर आधीच वेगळा मार्ग घेतात. अंडकोशाच्या गाठीत सुई घालत नाहीत, तो भाग शस्त्रक्रियेनेच काढतात. अंडाशयाच्या काही गाठी न फोडता अखंड काढतात. यकृताच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे निदान विशिष्ट परिस्थितीत स्कॅनवरूनच केले जाते. हाडाच्या गाठीची बायोप्सी मात्र पुढे जो सर्जन शस्त्रक्रिया करणार आहे त्याच्या सल्ल्यानेच व्हावी, कारण सुई कोणत्या वाटेने गेली हे त्याला माहीत असावे लागते. ती वाट तो शस्त्रक्रियेत गाठीसोबतच काढून टाकतो. हाडाच्या गाठीत घाईने कुणाकडूनही तुकडा काढून घेऊ नये असे मी निक्षून सांगते. बाकी स्तन, मान, तोंड, फुफ्फुस, प्रोस्टेट अशा ठिकाणी सुईच्या भीतीने थांबण्यात जे नुकसान होते ते सुईमुळे होत नाही.

तुकडा काढण्याच्या पद्धती जागेनुसार बदलतात. सर्वांत सोपी एफएनएसी. रक्त काढण्याच्या सुईएवढ्या किंवा त्याहून बारीक, २२ ते २५ गेजच्या सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरतात. काटेकोरपणे पाहिले तर ही बायोप्सी नव्हे, कारण इथे तुकडा मिळत नाही, सुट्या पेशी मिळतात. म्हणूनच तिचा रिपोर्ट लवकर मिळतो, आणि म्हणूनच तिच्या पाठोपाठ पुष्कळदा "आता ट्रुकट करा" असे सांगितले जाते. पहिली तपासणी चुकली म्हणून दुसरी सांगितली, असा समज करून घेऊ नये. सुट्या विटा पाहून वीट कोणत्या भट्टीची हे कळते, भिंत कशी बांधली होती हे कळत नाही; पेशींची मांडणी पाहायला सलग तुकडाच लागतो.

ट्रुकटमध्ये जाड सुई वापरतात. स्तनाच्या गाठीसाठी बहुधा १४ गेजची, तर मूत्रपिंडासारख्या ठिकाणी १६ किंवा १८ गेजची. गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे लक्षात ठेवले म्हणजे आकड्याने घाबरायला होत नाही. आधी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. ते काही सेकंद चरचरते, आणि रुग्णांना आठवणारी वेदना बहुतेक वेळा तेवढीच असते. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत सुई आत नेतात आणि खटका दाबतात. त्या खटक्याचा 'टक्' असा मोठा आवाज होतो, स्टेपलर दाबल्यासारखा, आणि ज्यांना तो आधी सांगितलेला नसतो ते दचकून हलतात. म्हणून मुद्दाम सांगते: आवाज होईल, दाब जाणवेल, हलू नका. असे तीन-चार वेळा किंवा थोडे अधिक वेळा होते. डॉक्टर प्रत्येक तुकडा डबीत टाकून तो बुडतो की तरंगतो हेही पाहतात, कारण चरबीचा तुकडा बहुधा वर तरंगतो आणि गाठीचा भरीव तुकडा तळाला जातो. नंतर जागा काही मिनिटे घट्ट दाबून धरतात, पट्टी लावतात, आणि थोडे काळेनिळे होणे हे अपेक्षितच असते.

पोटातला किंवा आतड्यातला तुकडा दुर्बिणीतून, चिमट्याने घेतात. आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, त्रास होतो तो नळीचा. त्वचेचा तुकडा पंच नावाच्या तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने घेतात आणि एखादा टाका पडतो. बोनमॅरो म्हणजे हाडातला मगज कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. तिथे कातडी आणि हाडावरचे आवरण बधिर करता येते, पण आतला मगज ओढताना जी विचित्र कळ उठते ती बधिर करता येत नाही. ती क्षणभरच असते, तरी ती येणार हे रुग्णाला आधी सांगावे, असे मला मनापासून वाटते. "काही दुखत नाही" असे सांगून केलेली तपासणी पुढच्या वेळी रुग्णाला दारातूनच परत पाठवते. किडनी बायोप्सीला पालथे झोपवून श्वास रोखायला सांगतात, आणि नंतर बरेच तास पाठीवर सरळ पडून राहावे लागते, कारण मूत्रपिंडातून रक्तस्राव होतो का हे पाहायचे असते. लघवी थोडी लालसर होणे चालते, गुठळ्या पडणे चालत नाही. फुफ्फुसाच्या बायोप्सीनंतर छातीत हवा साठत नाही ना हे पाहण्यासाठी एक्स-रे काढतात. प्रोस्टेटची बायोप्सी झाल्यावर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्ताचा अंश दिसू शकतो. हे आधी न सांगितल्यामुळे घाबरलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. थंडी वाजून ताप आला, पट्टी भिजेल एवढे रक्त येऊ लागले, दम लागला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगायचे, याबाबत लोक संकोच करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या, तर ते सर्वांत आधी सांगावे. त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत; ज्याच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे त्याने गोळी परस्पर थांबवणे सुईपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे, आणि किती दिवस थांबायचे किंवा थांबायचे की नाही हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा स्वतःचे सिकलसेलचे कार्ड असेल, तर भूल देण्यापूर्वी ते दाखवावे. केवळ जागा बधिर करून होणाऱ्या बायोप्सीला बहुधा उपाशी राहावे लागत नाही, पण गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर साधारण सहा तास काही खायचे नसते. तोंडातला तुकडा काढल्यावर दोन-चार दिवस मऊ आणि गार खावे. सावजी रस्सा आणि खर्रा दोन्ही बाजूला ठेवावेत, आणि खर्रा पुन्हा हातात न घेण्याची ही चांगली वेळ असते.

आता ती डबी. मला सर्वांत जास्त याच टप्प्याविषयी सांगायचे आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली होणाऱ्या चुकांपेक्षा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्याआधी होणाऱ्या चुका मी अधिक पाहिल्या आहेत. डबीतला द्रव म्हणजे १० टक्के फॉर्मॅलिन. शरीराबाहेर आलेला तुकडा लगेच सडू लागतो. फॉर्मॅलिन पेशींमधली प्रथिने जागच्या जागी बांधून ठेवते आणि सडणे थांबवते. तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवे, तुकडा त्यात पूर्ण बुडालेला हवा, आणि त्याला बर्फाची गरज नसते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, बाहेर ४५ अंश तापमान असताना, बाहेरगावच्या एका रुग्णालयाने स्तनाच्या गाठीचा तुकडा सलाईनमध्ये पाठवला होता. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. डबी उघडताच वासानेच कळले की आता त्यातून काही वाचता येणार नाही. त्या बाईंना पुन्हा टेबलावर झोपावे लागले, आणि त्यांना याचे कारण काय सांगायचे या विचाराने मी त्या संध्याकाळी फार अस्वस्थ होते.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. क्षयरोगाची शंका असेल तर जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरसाठी आणि जंतूंची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालायचा नसतो. फॉर्मॅलिन जंतूंना मारते, मग कोणते औषध लागू पडेल हे कल्चरमधून तपासता येत नाही. अशा वेळी दोन डब्या हव्यात, एक फॉर्मॅलिनची आणि एक निर्जंतुक सलाईनची, आणि सलाईनची डबी त्याच दिवशी पोहोचायला हवी. किडनी बायोप्सीला तर वेगवेगळ्या तपासण्यांसाठी वेगवेगळ्या द्रवांच्या दोन-तीन बाटल्या असतात. भंडाऱ्याच्या त्या तरुणाच्या आईची मानेतली गाठ होती आणि तिच्या सर्जननी कागदावर क्षयरोगाची शंका लिहून दोन डब्या दिल्या होत्या; त्याने त्यातली एक पिशवीच्या तळाशी तशीच ठेवली होती, कारण खिडकीवर एकच मागतील असे त्याला वाटले. विचारले म्हणून ती निघाली.

डबी हातात मिळाली की नातेवाइकांनी तीन गोष्टी तिथेच, नर्ससमोर पाहून घ्याव्यात. रुग्णाचे नाव, वय आणि कोणत्या बाजूचा कोणता भाग हे डबीच्या अंगावर लिहिलेले असावे, झाकणावर नव्हे, कारण झाकणे बदलू शकतात. झाकण गळत नसावे. सोबत डॉक्टरांनी भरलेला कागद असावा आणि त्यावर केवळ 'बायोप्सी' एवढाच शब्द नसावा. गाठ किती दिवसांपासून आहे, आधी कोणता आजार किंवा केमोथेरपी झाली आहे का, स्कॅनमध्ये काय दिसले, हे आम्हाला कळले तर तोच तुकडा कितीतरी अधिक सांगतो. हाडाच्या गाठीचा तुकडा एक्स-रे न पाहता वाचू नये, असा आमच्या शास्त्रात दंडकच आहे. जुने रिपोर्ट घरी कपाटात ठेवून येऊ नका. त्यांच्या झेरॉक्स द्या.

डबी आत आली की तिला क्रमांक मिळतो आणि ग्रॉसिंगच्या टेबलावर तुकडे मोजले जातात, त्यांची लांबी आणि रंग नोंदवला जातो. मग ते जाळीदार प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवून यंत्रात रात्रभर फिरतात. अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेच्या टप्प्यांतून त्यांच्यातले पाणी निघते, झायलीन या द्रावकातून अल्कोहोल निघते, आणि शेवटी त्या रिकाम्या जागांत वितळलेले मेण शिरते. ही रात्र कुणालाही टाळता येत नाही. ओल्या पोळीचा जसा पातळ काप निघत नाही तसा मेण न भरलेल्या मऊ तुकड्याचाही निघत नाही. सकाळी तो तुकडा मेणाच्या लहान वडीत बसवतात. या वडीला ब्लॉक म्हणतात. तंत्रज्ञ ब्लॉक बर्फावर ठेवून गार करतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडते आणि काप दाटतात, आणि मग मायक्रोटोम या यंत्रावर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस काप बसतील. ते काप एकामागोमाग एक फितीसारखे पात्यावरून बाहेर येतात, आणि तंत्रज्ञ श्वास आवरून ती फीत ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडतो. पाण्यावर ती क्षणात सुरकुत्या सोडून पसरते आणि खालून काच सरकवून तिला उचलून घेतात. पंख्याचा झोत जरी आला तरी फीत उडून जाते, म्हणून त्या कोपऱ्यात जून महिन्यातही पंखा बंद असतो. तुमचा रिपोर्ट या माणसाच्या हाताच्या स्थिरतेवर जेवढा अवलंबून असतो तेवढा कशावरही नसतो, आणि त्याचे नाव रिपोर्टवर कधी येत नाही.

काप रंगहीन असतो. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यापासून मिळणारा रंग पेशींची केंद्रके निळी-जांभळी करतो, इओसिन उरलेला भाग गुलाबी करतो, आणि मग स्लाईड माझ्यासमोर येते. पुष्कळदा पहिल्याच नजरेत उत्तर दिसते. पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप मागवावे लागतात, सहकाऱ्याला दाखवावे लागते, किंवा आयएचसी करावी लागते. आयएचसीत विशिष्ट प्रथिने शोधणारे अँटीबॉडीचे रंग वापरतात आणि त्याला आणखी दोन-तीन दिवस जातात. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिने) आणि हर-टू (गाठीची वाढ वेगवान करणारे प्रथिन) या तीन चाचण्या त्यानेच होतात; हर-टूचा निकाल दोन अधिक असा मधला आला तर फिश नावाची आणखी एक चाचणी लागते. बोनमॅरोच्या तुकड्यातले हाड आधी आम्लात किंवा तशाच द्रावणात मऊ करावे लागते. शस्त्रक्रियेनंतर आलेला मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर मुरल्याशिवाय कापताच येत नाही. म्हणून "रिपोर्ट लांबला म्हणजे काहीतरी वाईट निघाले असणार" हा तर्क चुकीचा आहे. साधा आजारही आयएचसी मागतो आणि गंभीर आजारही पहिल्या दिवशी स्पष्ट दिसतो.

कुणी विचारते की शस्त्रक्रिया चालू असताना अर्ध्या तासात रिपोर्ट मिळतो, मग आम्हालाच का नाही? त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. ताजा तुकडा उणे वीस अंशांच्या आसपास गोठवून कापतात. त्यात बारकावे पुसट होतात, त्यामुळे आता पुढे किती कापायचे यासारख्या एखाद्या नेमक्या प्रश्नासाठीच ते योग्य असते, आणि अंतिम रिपोर्ट तिथेही मेणाच्या ब्लॉकवरूनच दिला जातो.

रिपोर्ट हातात पडला की लोक तो उभ्या उभ्या मोबाइलवर शोधू लागतात, आणि तिथेच घोळ होतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट आणि 'निगेटिव्ह' म्हणजे चांगले, हे रिपोर्टमध्ये सरसकट लागू होत नाही. ईआर पॉझिटिव्ह असणे स्तनाच्या कर्करोगात उपयोगाचे असते, कारण त्यावर गोळ्यांचा उपचार चालतो. मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे मात्र काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत रोग पोहोचला आहे. 'बिनाईन' म्हणजे कर्करोग नाही. 'इन सिटू' म्हणजे बदललेल्या पेशी अजून आपल्या थराच्या आतच आहेत, बाहेर शिरलेल्या नाहीत. 'डिसप्लेसिया' हा कर्करोग नसून त्याच्या दिशेने जाऊ शकणारा बदल आहे, आणि खर्रा सोडण्यासाठी यापेक्षा स्पष्ट इशारा मिळत नाही. सर्वांत जास्त रडू मी ज्या शब्दामुळे पाहिले आहे तो म्हणजे 'ग्रेड थ्री'. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या आणि किती वेगाने वाढणाऱ्या दिसतात. रोग शरीरात किती पसरला आहे ते स्टेज सांगते, आणि लहानशा बायोप्सीवरून स्टेज बहुधा ठरतच नाही, त्यासाठी स्कॅन लागतात. ग्रेड थ्रीची गाठ स्टेज एकमध्येही सापडू शकते.

'नमुना अपुरा' किंवा 'या तुकड्यात कर्करोग दिसत नाही' असा रिपोर्ट आला तर सुटलो असे मानून घरी बसू नये. तो रिपोर्ट त्या तुकड्यापुरता असतो. हाताला गाठ कठीण लागते, मॅमोग्राफीत ती संशयास्पद दिसते, आणि बायोप्सी मात्र साधी येते, तेव्हा तिन्ही गोष्टी जुळत नाहीत असे समजून बायोप्सी पुन्हा करायची असते. पुन्हा बोलावले म्हणून डॉक्टरांवर चिडू नका. जो पुन्हा बोलावतो तो काळजीपूर्वक काम करतो आहे.

आणखी एक गोष्ट, जी प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरची आहे पण खिडकीवर रोज घडते. मुले हळूच सांगतात, "बाबांना सांगू नका, रिपोर्ट आमच्याच हातात द्या." त्यांच्यामागची माया मला कळते. पण ज्याच्या अंगातून तुकडा काढला त्याला घरातल्या कुजबुजीवरून आणि बंद होणाऱ्या दारांवरून बहुतेक सारे कळलेले असते, फक्त विचारायला कुणी उरत नाही. उपचाराच्या कागदांवर सही त्यालाच करायची असते. रिपोर्ट घ्यायला त्याला सोबत आणावे आणि तो डॉक्टरांनी, बसवून, मराठीत समजावून सांगावा अशी मागणी करावी. ती मागणी करण्याचा त्याला अधिकार आहे.

मूळ रिपोर्ट सांभाळून ठेवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना मंजुरी घेताना तो लागतो. दुसरे मत घ्यायचे असेल, मानेवाडा रस्त्यावरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईला टाटाला जायचे असेल, तर नुसता कागद पुरत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाईड स्वतः पाहतात आणि पुढच्या चाचण्यांसाठी ब्लॉकही मागतात. आमच्याकडून हे दोन्ही सही करून नेता येते, आणि त्याबद्दल कुणालाही वाईट वाटत नाही. अवघड रोगात दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेले मलाही हवेच असते. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, आज नसलेली चाचणी पुढे निघाली तर तीही त्यावर करता येते, पण तो मेणाचा आहे आणि हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळते. मे महिन्यात बर्डीच्या बाजारात गाडी उन्हात लावून गेलात तर काचेमागची फळी त्याहून जास्त तापते. म्हणून ब्लॉक आणि स्लाईड गाडीत ठेवू नका, फ्रिजमध्ये कोंबण्याचीही गरज नाही. कापसात गुंडाळून, कडक डबीत घालून, प्रवासात आपल्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि काम झाले की ब्लॉक आमच्याकडे परत आणून द्या.